गुणी बाळंतीण

१

आमच्या गल्लीत गुरुवारी सकाळी आर्डिथकडे कॉफीला जायचं हे कुणी ठरवलेलं नव्हतं, पण ते मोडायची कुणाची छातीही नव्हती. नवरे कामावर गेले, भांडी झाली, की आम्ही आपापली पोरं कडेवर घेऊन, बर्फ तुडवत तिच्या मागच्या दाराशी जमायचो. पुढच्या दारानं फक्त पास्टर आणि विमावाला येतो. आर्डिथ कॉफी विचारणार, आपण "नको, कशाला त्रास" म्हणायचं. ती पुन्हा विचारणार, आपण पुन्हा "खरंच नको". तिसऱ्यांदा विचारलं की "बरं, अर्धा कप", आणि मग ती कप काठोकाठ भरणार. मिनेसोटात एखादा पहिल्याच विचारण्याला हो म्हणाला, तर तो बाहेरगावचा आहे असं समजतात.

मी घाबरट आहे. टोस्टरमधून पाव उडाला तरी दचकते. ड्वेन, माझा नवरा, चारचौघांत त्याची नक्कल करतो, लोक हसतात, मीही हसते. शिक्षिका व्हायचं म्हणून कॉलेजात गेले, पदवी घेतली, मग लग्न झालं आणि पदवी कपाटात गेली. डोकं मात्र कपाटात गेलं नाही. घाबरट माणसाचं डोकं जरा जास्तच चालतं, आणि त्याची नजर सारखी भिरभिरत असते. म्हणून त्या सकाळी जे झालं ते मलाच दिसलं, याचं मला नवल वाटत नाही.

माझे दुसऱ्या खेपेचे दिवस भरत आले होते, त्यामुळे बोलणं बाळंतपणावर गेलं. शेजारची बेव म्हणाली, तिला तर काहीच आठवत नाही; सुई टोचली, आणि डोळे उघडले तर केसांत रिबीन. डोरीनचंही तसंच. आर्डिथनं खजुराच्या वड्यांची बशी पुढे सारली. चार बाळंतपणं झाली, एकाचंही काही आठवत नाही, देवाची कृपा, असं ती म्हणाली. माझा एकही दात किडलेला नाही असं कुणी सांगावं, त्या सुरात.

"मला सगळं आठवतं," माझ्या सासूबाई, हिल्मा, म्हणाल्या. त्या शेतावरून आठवड्याच्या बाजाराला आल्या होत्या आणि मी त्यांना सोबत नेलं होतं. "या ड्वेनच्या वेळी मी चुलीची कडी उपटायला निघाले होते. अजून वाकडी आहे. त्यावर टॉवेल वाळत घालते."

सगळ्या हसल्या. जुन्या माणसांचं हसू येतं तशा.

बेव माझ्या क्रेगला निजवायला आतल्या खोलीत घेऊन गेली. तिथं आर्डिथच्या धाकट्याची लाकडी खाट होती, सरकत्या कठड्याची. बाळ आत ठेवायचं, कठडा वर ओढायचा, की तो खट्कन खाचेत बसतो. बसला. खट्.

आणि टेबलाभोवतीचे हात वर गेले.

आर्डिथचे, डोरीनचे. कानांच्या बाजूला, तळवे पुढे, मनगटं जरा बाहेर वळलेली. आर्डिथच्या हातात कप होता. हात कपासकट वर गेला आणि कॉफी तिच्या बाहीतून कोपरापर्यंत ओघळली. पापणी लवायला लागतो त्याहून थोडा जास्त वेळ. मग हात खाली आले, आणि डोरीन पडद्यांच्या कापडाबद्दल जे बोलत होती ते वाक्य तिनं पुरं केलं.

"कॉफी सांडली वाटतं माझ्याकडून," आर्डिथ म्हणाली. तिनं फडकं घेतलं.

सासूबाईंचे हात टेबलावरच होते. त्या वडी कॉफीत बुडवत होत्या. मी मनाशी म्हटलं, दचकल्या असतील. मला सवय आहे, इतरांना नाही. मग नजर कॉफीच्या भांड्यावर गेली. आर्डिथ ते घासून आरशासारखं ठेवते. त्याच्या फुगीर पोटात एक वाकडीतिकडी बाई दिसत होती, पोट पुढे आलेली, दोन्ही हात कानांशी धरलेली. बाकीच्यांचे खाली आले होते. माझे अजून वरच होते.

२

घरी येऊन मी आधी स्वतःला समजावलं. मानसशास्त्राच्या तासाला आम्हाला घंटा ऐकून लाळ गाळणाऱ्या कुत्र्यांबद्दल शिकवलं होतं. तेच असेल. पण ज्या कुत्र्याला घंटेनंतर कुणी खायला घातलं नाही, तो लाळ गाळत नाही. खट् आवाजानंतर आम्हाला काय घातलं होतं?

संध्याकाळी ड्वेन धान्याच्या कोठारावरच्या कामावरून आला. जेवणं झाल्यावर मी भांड्यांच्या पाण्यात हात बुडवून उभी राहिले आणि त्याला म्हटलं, क्रेगच्या खाटेचा कठडा जरा वर कर. मी नळ घट्ट धरला होता. ठरवून, बोटं पांढरी होईपर्यंत.

खट्.

हात पाण्यातून निघाले. फेस कोपरांवरून चपलांवर पडला. ड्वेन दारात उभा होता.

"काय गं, बँक लुटताना सापडलीस?" तो हसला, आणि वर्तमानपत्र घेऊन बसला.

मी फरशी पुसली. पुसता पुसता क्रेगच्या वेळचं आठवायला लागले. आठवण्यासारखं फार नव्हतं. हॉस्पिटलच्या दाराशी ड्वेनची टोपी माझ्या हातात राहिली होती, ती एका नर्सनं काढून घेतली. मग दाढीचा वस्तरा, एनिमा, थंड फरशी. नर्स टोलेफसन म्हणाली, आता छान झोप लागणार आहे. त्यानंतर थेट सकाळचं ऊन. माझे केस विंचरलेले, रिबीन बांधलेली, ओठांना लिपस्टिक लावलेली. माझी नव्हे, माझ्याकडे तसला रंग नव्हता. शेजारी मुलगा. ड्वेन बाहेर बापांच्या खोलीत रात्रभर पत्ते खेळत होता, खूश होता, जिंकला होता.

मी त्याला काहीतरी म्हणायला गेले आणि तोंडातून नुसती हवा आली. घसा पार बसला होता. नर्स म्हणाली, तोंड उघडं टाकून झोपलीस ना, म्हणून. दोन नखं मुळापासून तुटली होती. ती म्हणाली, नखं कधीही तुटतात. डाव्या मनगटाच्या आत पांढरी लोकर चिकटली होती, मेंढीची, मऊ. ती म्हणाली, ब्लँकेटची असेल. ब्लँकेट सुती होतं. तरी मी मान हलवली. आभारही मानले.

"तुझ्यासारख्या असत्या तर आमचं काम किती सोपं असतं," ती म्हणाली होती. "देवदूतासारखी झोपली होतीस."

देवदूताचा घसा कशानं बसतो? हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता, की आता, की कधीच नाही, ते मला कळत नव्हतं. मला एवढंच कळत होतं की माझ्या बाबतीत काहीतरी घडलं होतं, ते बाकी सगळ्यांना ठाऊक होतं, आणि माझं शरीर त्यांच्या बाजूचं झालं होतं. मला विचारल्याशिवाय हात वर करत होतं.

या खेपेला मी जागी राहणार होते. दुसरं काही नको होतं. बाळ होताना मला तिथं असायचं होतं.

३

दुसऱ्या दिवशी आर्डिथचं केकचं भांडं परत करायच्या निमित्तानं गेले. ती कणीक मळत होती. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, बाळंतपणानंतर तिचाही घसा बसला होता का.

"सगळ्यांचा बसतो. तिथली हवा कोरडी."

मी म्हटलं, आपण ओरडलो असलो तर? तिनं कणकेचा गोळा उलटा केला आणि पुन्हा मळायला लागली, आधीपेक्षा जोरात. मी तिला हातांचं सांगितलं. कपाचं, बाहीचं. ती ऐकत होती की नाही, कळेना. मग तिनं पीठ लागलेले हात ॲप्रनला पुसले आणि माझ्याकडे न बघता बोलली.

"ओरडलं असेल कुणी. ते आपण नव्हतो."

"मग कोण होतं?"

"मार्लिस, ज्याला आठवत नाही ते झालेलंच नसतं. मी चारदा जाऊन आलेय तिथं. चारदा. तुला खणायचं असेल तर तुझ्या अंगणात खण. माझ्या नको."

मी निघाले. दारापर्यंत पोचले असेन.

"हे भांडं धुऊन आणलंयस," ती मागून म्हणाली, अगदी गोड, "की मी धुऊ?"

४

डॉक्टर लिंडक्विस्ट चर्चमध्ये आमच्या पुढच्या बाकावर बसतात. त्यांच्या मानेवरचा तीळ मला माझ्या नवऱ्याच्या तिळापेक्षा जास्त ओळखीचा आहे. तपासणीच्या वेळी मी त्यांना सांगितलं की या खेपेला गुंगीचं इंजेक्शन नको. वाक्य घरी पाठ केलं होतं. तरी शेवटी "त्रास नसेल तर" चिकटलंच.

ते हसले. म्हणाले, कुठल्या बाईला ते आठवायला हवं असतं? अशा बाया त्यांनी पाहिल्या आहेत, पुस्तकं वाचलेल्या. पहिल्या मोठ्या कळेला पुस्तक खिडकीबाहेर जातं.

"मला बांधलं होतं का, डॉक्टर?"

ते हात धूत होते. नळ जरा जास्त वेळ चालू राहिला.

"तुला सांभाळलं होतं, पोरी," ते म्हणाले. मग टॉवेल अडकवता अडकवता, ड्वेनशी मी बोलतो.

बोलले. त्या संध्याकाळीच, फोनवर. दुसऱ्या दिवशी गाडीत ड्वेननं विषय काढला. ट्रॅक्टर बिघडला तर तो काय मेकॅनिकच्या डोक्यावर उभा राहून सांगतो का, हा नट असा पीळ म्हणून?

"मी ट्रॅक्टर नाही."

"तसं म्हटलं का मी?"

त्यानं गाडीचा हीटर वाढवला. आमच्या घरात भांडण म्हणजे हीटर वाढवणं. मी खिडकीकडे तोंड केलं. मला इतका संताप आला होता की काचेवर वाफ जमली होती, आणि वाईट वाटायचं कारण असं की तो वाईट माणूस नाही. सकाळी माझे बूट चुलीपाशी गरम करून ठेवतो. फक्त त्याला माझ्या बाबतीत माझ्यापेक्षा डॉक्टर जास्त खरा वाटतो, आणि हे त्याला प्रेमच वाटतं.

सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, कळा सुरू झाल्या की ड्वेनला सांगायच्या आधी मला फोन कर. मी ट्रक घेऊन येते. "पाणी तापवायला कॉलेजात जावं लागत नाही."

पण हॉस्पिटलचा डबा मात्र नेऊन दे, असंही त्यांनी बजावलं. दुसऱ्या खेपेआधी नर्सांना घरच्या बिस्किटांचा डबा द्यायचा ही आमच्या चर्चच्या बायकांची रीत. न नेला तर त्या मनात धरतात, आणि वेळ कधी कशी येईल सांगता येत नाही. तोंड गोड केलेलं बरं. मीही तेच म्हटलं असतं. आमच्यात कुणी आपल्या अंगावर कुत्रा सोडला तरी आधी त्याला केक नेऊन देतात.

५

दुपारची वेळ होती, बाहेर लख्ख ऊन. दुसऱ्या मजल्याच्या बोळात फिनेलचा वास आणि त्याखाली शिजलेल्या कोबीचा. कुणी दिसेना. मी डबा छातीशी धरून बाकावर बसले. समोर दुहेरी दार होतं, वर गोल काचा, काचांवर आतून पांढरा कागद लावलेला.

आधी वाटलं नळ वाजतोय. जुन्या इमारतीत वाफेचे नळ असे वाजतात. मग त्यात शब्द आले.

कुणीतरी बाई शिव्या देत होती. अशा शिव्या, ज्या मी फक्त रेल्वेच्या यार्डात ऐकल्या आहेत. शिव्यांच्या मधे मधे ती बेस्टा, बेस्टा, म्हणून हाक मारत होती. मग, येतंय, ते येतंय, माझे गुडघे सोडा. मग पुन्हा बेस्टा.

माझ्या आजीला मी बेस्टा म्हणायचे. ती मला लहानाची मोठी करून, मी या गावात यायच्या आधीच वारली. हे नाव ड्वेनलाही माहीत नाही. मी म्हटलं, आमच्या या नॉर्वेजियन मुलखात निम्म्या पोरी आजीला असंच काहीतरी म्हणत असतील. पण कॉलेजात एकदा टेपरेकॉर्डर आणून आमचं वाचन आम्हाला ऐकवलं होतं. आपला आवाज बाहेरून ऐकला की तो परका वाटतो, जरासा लहान मुलीसारखा, नाकात. तो मी तेव्हा ऐकला होता, आणि लाजेनं ऐकला होता, म्हणून विसरले नव्हते.

आत तोच आवाज होता.

पोटातलं बाळ अगदी गप्प झालं. मी उठले, की बसूनच राहिले, आठवत नाही. डबा मात्र पडला नाही. बोळाच्या दुसऱ्या टोकाकडून नर्स टोलेफसन आली, रबरी बुटांची, आवाज न करता. अगं मार्लिस, किती छान दिसतेयस, असं म्हणाली. आतला आवाज चालूच होता. मी दाराकडे बोट केलं.

"आत कोण आहे?"

"कुणी नाही गं. आज एकही बाळंतीण नाही. अशी सुट्टी कधी मिळते आम्हाला?" तिनं डबा उघडला, एक बिस्कीट तोंडात टाकलं. "तुझी तू बघ, हवं तर."

तिनं दार ढकललं. आवाज बंद झाला नाही. तो होताच असं वाटेनासं झालं, बस. खोलीत ऊन होतं. उंच बाजूंच्या लोखंडी खाटा, चादरी ताणलेल्या, कठडे खाली. फळीवर चामड्याचे पट्टे गुंडाळून ठेवलेले, आतून मेंढीची लोकर लावलेले, धुतलेल्या मोज्यांच्या जोड्यांसारखे. मी ते काय आहेत ते विचारलं.

"वळ उठू नयेत म्हणून लोकर," ती म्हणाली, बिस्कीट चावत. "आम्ही काय जनावरं आहोत?"

खिडकीजवळच्या एका खाटेचा कठडा वर होता. तिनं तो पाहिला, "पुसायला वर केला असेल," म्हणाली, आणि खाली करायला गेली नाही. उशीत खळगा होता. त्याच्या मधोमध ओलं होतं, आणि मी बघत होते तेवढ्यात तो ओला डाग पसरला.

६

कळा सुरू झाल्या त्या चर्चमध्ये. रविवार, तिसरं गीत. देवालाही जागा अशीच सापडली. सासूबाई बाकाच्या त्या टोकाला होत्या, मधे ड्वेन. मी ओठ आवळून गात राहिले. ट्रक बाहेर उभा होता. फक्त उठून, सगळ्यांचे गुडघे ओलांडून, जायचं होतं. आमच्यात चर्चमध्ये कुणी खोकतही नाही. मी म्हटलं, गीत संपू दे.

गीत संपेपर्यंत पाणमोट फुटली. ड्वेननं खाली पाहिलं, मग पुढे वाकून डॉक्टर लिंडक्विस्टांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी वळून माझ्याकडे नाही, ड्वेनकडे पाहिलं आणि मान हलवली. सासूबाई उठल्या होत्या. "ती माझ्याबरोबर येतेय," त्या चर्चमध्ये, मोठ्यानं म्हणाल्या. "ड्वेन, तिचा हात सोड."

"आई, लोक बघतायत," ड्वेन म्हणाला.

आणि मी, देवा, मी सासूबाईंना म्हटलं की असू दे.

हॉस्पिटलात नावं नोंदवायच्या टेबलाशी मी सांगितलं, इंजेक्शन नको. नर्स टोलेफसन छान हसली. बाईनं पहिल्यांदा नको म्हणायचंच असतं. वस्तरा झाल्यावर मी पुन्हा म्हटलं. "बरं बरं," ती म्हणाली, आणि बाटली हलवली. तिसऱ्यांदा मी तिचं मनगट धरलं, तिच्या डोळ्यांत बघून म्हटलं, नको. खरंच नको. आमच्या राज्यात तिसरा नकार लहान मुलालाही कळतो.

"शूः," ती म्हणाली. "उद्या माझे आभार मानशील."

दाराच्या फटीतून ड्वेन दिसला, टोपी हातात. मी त्याला हाक मारली. त्यानं नर्सकडे पाहिलं. ती म्हणाली, या सुरुवातीला अशाच करतात. तो माझ्याकडे बघून हसला, धीर देतात तसं, आणि बापांच्या खोलीकडे गेला.

सुई टोचली. मी कविता म्हणायला लागले, पाढे म्हणायला लागले, क्रेगचं नाव, बेस्टाचं नाव, घराचा पत्ता. काहीही धरून ठेवायला. त्यांनी मला दुहेरी दारातून आत नेलं.

खोली रिकामी नव्हती.

प्रत्येक खाटेवर बाई होती. बेव होती, आहे त्याहून तरुण, स्वतःच्याच ओकारीत गाल रुतलेला. डोरीन लोखंडाला डोकं आपटत होती, सावकाश, सवयीनं. आर्डिथ चार खाटांवर होती. चारही आर्डिथ ओरडत होत्या, आणि एकीचा आवाज दुसरीत मिसळत नव्हता. आमची आर्डिथ त्या वेळी चर्चच्या तळघरात कॉफीची भांडी लावत असणार. नर्स त्यांच्या मधून चालत होती, कुणाच्या हाताला धक्का लागू नये तशी नव्हे, काहीच नसल्यासारखी.

मला खिडकीजवळ नेलं. त्या खाटेवर मी होते. क्रेगच्या वेळची, तुटक्या नखांची. गेलं दीड वर्ष ती तिथं होती, हे तिच्याकडे बघताच कळलं. कुणी तिला सांगितलंच नव्हतं की संपलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत आश्चर्य नव्हतं, राग होता. माझ्यावर नव्हे.

पट्ट्यानं जेवढं जमलं तेवढी ती सरकली. मला जागा करून दिली.

७

विसरायला होतं असं म्हणतात. खोटं आहे. मी काही विसरले नाही. सांगते.

बाळ खाली आलं तेव्हा डॉक्टर घरी रविवारचं जेवत होते. बाळ त्यांच्या हातीच व्हायला हवं, तसा नियम. म्हणून नर्स टोलेफसननं माझे गुडघे एकमेकांवर घातले, चादरीनं बांधले आणि वर वजन टाकून बसली. मी सांगितलं, येतंय. ती म्हणाली, भाजलेलं मांस आहे आज त्यांच्याकडे, पोटभर जेवू दे त्यांना. दुसरी एक नर्स हसली. मी शिव्या दिल्या, आणि माझ्या शेजारणीनं, माझ्याच आवाजात, त्या पुढे पुऱ्या केल्या. डॉक्टर आले ते कोट काढत. माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. कापलं, ओढलं, शिवलं. शिवताना ड्वेनच्या नावानं काहीतरी विनोद केला. तो मी इथं सांगणार नाही, पण शब्दन् शब्द माझ्याजवळ आहे.

मुलगी झाली. तिचं पहिलं रडणं मी ऐकलं. तिला उलटं धरलं होतं, आणि ती खोलीकडे बघून रडत होती, सगळ्या खाटांकडे, एकेका बाईकडे. तिला आम्ही दिसत होतो.

मग माझ्या अंगातून कुणीतरी उठून बसलं.

मी पट्ट्यातच होते. ती मात्र उठली, माझ्यातूनच, अंगावरचा कोट काढावा तशी मला मागे टाकून. तिनं डोळे चोळले. नर्सनं तिचे केस विंचरले, ओठांना तो रंग लावला. तिचा घसा बसलेला होता. तिनं विचारलं, मुलगा की मुलगी? मग जरा लाजून, "मी तुम्हाला फार त्रास तर दिला नाही ना?"

"छे गं. इतकी गुणी बाळंतीण नाही पाहिली."

तिला चाकांच्या खाटेवरून नेलं. उघड्या दारातून दिसलं, बाहेर ड्वेन गुलाबी कार्नेशनची फुलं घेऊन उभा होता, त्याचे डोळे भरले होते. ती त्याच्याकडे बघून हसली, आणि नर्सनं माझी मुलगी तिच्या कुशीत दिली. तिनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही. ती कशाला बघेल, तिला मी माहीतच नाही. माझी मुलगी मात्र तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत राहिली, नेईपर्यंत.

आता आम्ही दोघी खिडकीजवळ आहोत. दिवसा ऊन येतं. नवीन कुणी आली की आम्ही सगळ्या मिळून ओरडतो, तिला कळावं म्हणून, तिनं दारातूनच परत फिरावं म्हणून. आर्डिथचा आवाज सगळ्यांत मोठा, चार गळे आहेत तिला. खाली बापांच्या खोलीत पत्ते चालू असतात. आमचं काही ऐकू जात नाही, असं ते सांगतात.

जातं. आम्ही सुरुवात केली की नर्स आधी उठते आणि दोन्ही दारं लावून घेते.